तेलकट केसांसाठी शिकेकाईचा काढा घरी कसा करावा

कोल्हापुरात जुलैत पावसानं तळ ठोकला की धुतलेले केस वाळता वाळत नाहीत, आणि वाळेपर्यंत मुळाशी पुन्हा चिकट झालेले असतात. त्यात गाडीवरचं हेल्मेट. तेल येतं ते डोक्याच्या त्वचेतल्या ग्रंथींतून, आणि या ग्रंथी संप्रेरकांच्या हुकमानं चालतात. म्हणून तर दहावी-बारावीच्या वयात हा त्रास जास्त. ग्रंथीच बंद पाडेल असा लेप कुणाच्याच स्वयंपाकघरात नाही. साठलेलं तेल त्वचा न खरवडता उतरवायचं, एवढंच आपल्या हातात. त्याला शिकेकाई-रिठा उत्तम, कारण दोन्हींत सॅपोनिन असतं. साबणासारखंच ते तेल पाण्याबरोबर वाहून नेतं.

लक्ष्मीपुरीत बाजाराला गेलात की काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगाच आणा. तयार पावडरीत काय मिसळलंय कळत नाही, शिवाय तिचे कण केसांत अडकून बसतात.

खांद्यापर्यंतच्या केसांना शिकेकाईच्या ८-१० शेंगा, बिया काढलेले ५-६ रिठे आणि मूठभर आवळकाठी पुरे. रात्री स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाण्यात भिजत घाला. लोखंडी कढई नको, आवळ्यानं सगळं काळं होतं. सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळा. रिठा फसफसून उतू जातो, तेव्हा पातेलं मोठं घ्या आणि तिथंच उभे राहा. निवल्यावर हातानं कुस्करून पंचाच्या तुकड्यातून गाळा.

न्हाताना आधी केस पूर्ण भिजवा. काढा मुळांशी ओता, बोटांच्या पेरांनी तीन-चार मिनिटं चोळा, नखं नकोत. डोळे घट्ट मिटा, रिठा भयंकर झोंबतो. शाम्पूइतका फेस येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा ओतू नका. नंतर कोमट पाण्यानं भरपूर धुवा. बंबातलं कढत पाणी अंगावर घ्या हवं तर, डोक्यावर नको. टोकं आधीच कोरडी असतात, त्यांना ओघळून जाईल तेवढाच काढा बास.

एक दिवसाआड धुतलं तरी चालतं. जास्त धुतल्यानं जास्त तेल सुटतं, हे नुसतं ऐकिवातलं. मात्र न्हाण्याच्या आदल्या रात्री डोकं तेलानं थापून झोपायची सवय तेलकट केसवाल्यांनी सोडलेली बरी, आई रागावली तरी.

पंधरा दिवसांतून एकदा मुलतानी मातीचा ताकात कालवलेला लेप मुळांशी लावा आणि पुरता वाळायच्या आत धुवा. लिंबू थेट चोळू नका, उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. खायचा सोडा तर त्वचेला फारच अल्कधर्मी.

पिवळट चिकट पापुद्रे, सतत खाज किंवा बायकांत अनियमित पाळीसोबत चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

उरलेला काढा फ्रीजमध्ये तीनेक दिवस टिकतो, मग आंबतो. तळाशी राहिलेल्या पाण्यात फणी तासभर बुडवून जुन्या ब्रशनं घासा. धुतलेल्या केसांत जुनं तेल परत नेते ती फणीच.