मानवी हक्कांचा कायदा शिकताय? या चुका टाळा

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याची 30 कलमं पाठ केली की मानवी हक्कांचा पेपर निघतो, असं मानून सुरुवात केलीत तर अभ्यास तिथेच फसतो. 10 डिसेंबर 1948 चा जाहीरनामा हा करार नाही. राष्ट्रांना बांधतात ते 1966 चे दोन करार: एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारत त्यांत 1979 मध्ये सामील झाला. तरी आपल्या कोर्टात नुसता करार दाखवून भागत नाही. म्हणून 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातली व्याख्या आधी वाचा: हक्क जीवित, स्वातंत्र्य, समता, प्रतिष्ठेचा हवा आणि भारतातल्या न्यायालयांना अंमलात आणता येणारा हवा.

दुसरी चूक मला जास्त खटकते. मानवी हक्क म्हटलं की पोलीस कोठडीच डोळ्यांसमोर येते. कोठडीसाठी डी. के. बसू खटला (अटकेतल्या माणसाच्या संरक्षणाचे नियम घालून देणारा) वाचायलाच हवा, पण सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचं काय? हजार विड्यांमागे ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी हातात पडली, तर तो फक्त कामगार कायद्याचा प्रश्न उरत नाही. 1982 च्या एशियाड मजुरांच्या (आशियाई खेळांसाठी बांधकाम करणाऱ्यांच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे घटनेच्या कलम 23 मधली वेठबिगारी. हे कलम खासगी मालकालाही लागू आहे. तो निकाल संपूर्ण वाचा, गाईडमधल्या चार ओळींवर थांबू नका. (अर्थात, प्रत्यक्षात आधी कामगार कार्यालयाचीच पायरी चढावी.)

कायदा आहे म्हणजे न्याय आहे, असंही धरून चालू नका. आपल्या सोलापुरातली सेटलमेंट, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबलेली वसाहत, आठवा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरवली, तारेच्या कुंपणात ठेवली. तो कायदा देशभरातून जायला 1952 उजाडलं.

मानवी हक्क आयोगाबद्दलचे गैरसमज तर अशिलांना थेट महागात पडतात. घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, आणि चौकशीनंतर तो शिफारस करतो, शिक्षा सुनावत नाही. बंधनकारक आदेश हवा असेल तर घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. सोलापूरकरांसाठी ती वाट ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते.