चॅट बंद करायला सांगितलं, तेव्हा

नेटवर्कच्या कामावर नवीन रुजू झालात की पहिल्या काही महिन्यांत कोणीतरी येऊन सांगतंच, "ते चॅटिंग बंद करून टाका." मला हे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं. संगणकाच्या तासाला मुलं मेसेंजर उघडून बसायची. मी त्याच संध्याकाळी फायरवॉलवर, म्हणजे आत-बाहेर जाणारी वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेवर, तीन पोर्ट (सेवांची क्रमांक दिलेली दारं) बंद करणारे नियम लिहिले: एआयएम या मेसेंजरसाठी पोर्ट ५१९०, एमएसएन मेसेंजरसाठी १८६३ आणि याहूसाठी ५०५०. काम झालं असं समजून घरी गेलो.

दोन दिवसांनी तक्रार पुन्हा आली. मुलांनी काहीही खटपट केली नव्हती. नेहमीचा पोर्ट मिळाला नाही की हे प्रोग्राम आपणहून पोर्ट ८० वरून, म्हणजे वेबच्या वाटेनं, बाहेर पडायचे, आणि वेब बंद करणं शक्य नव्हतं. मग मी प्रॉक्सीवर, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं वेबची पानं आणून देणाऱ्या मधल्या सर्व्हरवर, पत्त्यातले शब्द तपासायला लागलो. ज्या पत्त्यात 'चॅट' हा इंग्रजी शब्द असेल, तो अडवायचा. फ्रेंचच्या शिक्षिका आल्या तेव्हा चूक कळली. फ्रेंचमध्ये मांजराचं स्पेलिंग नेमकं तेच आहे, आणि त्यांच्या धड्याची पानं उघडत नव्हती. त्यांचा अख्खा तास वाया गेला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

शेवटी उपयोगी पडला तो उलटा विचार. काय बंद करायचं याची यादी कधीच संपत नाही, म्हणून काय चालू ठेवायचं ते ठरवलं. संगणक कक्ष वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर, घेतला. तिथून थेट बाहेर जाणारी सगळी वाट बंद केली आणि फक्त स्क्विड या प्रॉक्सी प्रोग्राममधून जायची मुभा ठेवली. मुलांच्या लॉगिनला प्रोग्राम इन्स्टॉल करायचा अधिकार दिला नाही. स्क्विडमध्ये वेळेनुसार नियम लावता येतात, त्यामुळे मधल्या सुट्टीत थोडी सूट देता आली. ती सूट द्यावी असा आग्रह मीच धरला होता. कुठेतरी मोकळीक असली की पळवाटा शोधण्यातला जोर कमी होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढे मी एका कंपनीत गेलो, आणि तिथली चूक जास्त महागात पडली. वरून आदेश आला आणि मी दुपारी मेसेंजर बंद केले. तासाभरात ग्राहक सेवेचं काम ठप्प झालं. त्या विभागातली मंडळी किती तरी दिवस मेसेंजरवरूनच एकमेकांना अडचणी विचारत होती. कागदोपत्री कुठेच नोंद नव्हती आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी नियम आधी नुसत्या नोंदीवर ठेवतो. दोन आठवडे काहीही न अडवता फक्त लॉग बघायचा: कोणत्या विभागातून, किती वाजता, कुठे वाहतूक जाते. मग त्या माणसांशी जाऊन बोलायचं. त्या कंपनीत आम्ही आतल्या सर्व्हरवर ओपनफायर हे चॅट सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं. ते एक्सएमपीपी या चॅटच्या खुल्या नियमावलीवर चालतं, पोर्ट ५२२२. लोकांना बोलायला जागा मिळाली आणि मगच बाहेरचं बंद झालं.

आदेश देणाऱ्याला कारण विचारायला कचरू नका. वर्गातलं लक्ष हे एक कारण, फाइल बाहेर जाणं हे दुसरं आणि नोंदी जपण्याचा कायदा हे तिसरं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रोखे बाजाराच्या नियामकानं १६ वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. कर्मचारी कामाचं बोलणं खासगी मेसेजवर करत होते आणि त्याच्या नोंदी ठेवल्या गेल्या नव्हत्या. अशा ठिकाणी नुसती फायरवॉल पुरत नाही, कारण माणूस खिशातला फोन काढून मोबाइल डेटावर तेच बोलतो. तिथे लेखी धोरण हवं आणि नोंद राहील असं अधिकृत चॅट हवं.

आता मजकूर दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल २०१६ पासून सगळे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाहीत. आपल्याला दिसतं ते जोडणी कुठे जाते एवढंच. तेसुद्धा धूसर होत चाललं आहे: जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएसच्या २०१८ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीत साइटची ओळख सांगणारं सर्टिफिकेटही झाकलेलं असतं आणि डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) शोधण्याची, विचारणा एचटीटीपीएस या एन्क्रिप्टेड वेब जोडणीतून जाऊ शकते, म्हणून फक्त डीएनएसवर भरवसा ठेवू नका. आयपी पत्ते अडवण्याआधी तर दहादा विचार करा. एप्रिल २०१८ मध्ये रशियानं टेलिग्राम अडवायला अ‍ॅमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडचे लाखो पत्ते बंद केले. संबंध नसलेल्या कितीतरी सेवा कोलमडल्या आणि टेलिग्राम चालूच राहिलं. जून २०२० मध्ये ती बंदी उठवली.

एन्क्रिप्शन मध्येच उघडून वाचणारी उपकरणं मिळतात. ती बसवायची वेळ आलीच, तर वापरणाऱ्यांना आधी लेखी कळवा आणि बँक, दवाखाना यांच्या साइट त्यातून वगळा. कोणाला न सांगता ते करायला मी एकदा स्पष्ट नकार दिला होता आणि आजही देईन.

शेवटचं, प्रत्येक नियमाशेजारी तारीख, मागणी करणाऱ्याचं पद आणि कारण लिहा. एआयएम १५ डिसेंबर २०१७ ला कायमचं बंद झालं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका फायरवॉलची साफसफाई करताना मला ५१९० चा नियम सापडला. तो कोणी, कशासाठी लिहिला, हे तिथल्या कोणालाच सांगता आलं नाही. काढायला भीती वाटते म्हणून तो तसाच ठेवला होता. आठवडाभर लॉग बघितला, एकही जोडणी आली नाही, तेव्हा काढला.