आई-वडिलांच्या ट्रस्ट डीडची नक्कल काढायला निघण्यापूर्वी

घरात ‘आप्पांनी सगळं ट्रस्टमध्ये टाकलंय’ असं वर्षानुवर्षं बोललं जातं, पण तो कागद कोणी पाहिलेला नसतो. म्हणून कचेरीची पायरी चढण्याआधी हा ‘ट्रस्ट’ म्हणजे नेमका कोणता कागद, ते घरातच शोधा. वडिलांनी हयातीत केलेलं खासगी ट्रस्टचं डीड असेल, मृत्युपत्रातच लिहिलेला ट्रस्ट असेल, नाहीतर मंदिर, शाळा, दवाखान्यासाठीचा सार्वजनिक न्यास असेल. सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते आणि नक्कलही तिथेच मागायची. खासगी ट्रस्टची नोंद तिथे नसते, तरीही लोक तिथेच चकरा मारत बसतात.

खासगी ट्रस्टमध्ये जमीन, फ्लॅट, दुकान असं काही स्थावर असेल तर 1882 च्या भारतीय न्यास अधिनियमानुसार ट्रस्टचा दस्त नोंदवलेलाच हवा, नाहीतर ट्रस्ट मृत्युपत्रातून झालेला हवा. म्हणजे शोध दुय्यम निबंधकांकडे, दस्त नोंदवायच्या सरकारी कार्यालयात. नुसते शेअर, ठेवी, म्युच्युअल फंड असतील तर दस्त नोंदवलेला नसण्याची शक्यता बरीच असते. मग सरकार दरबारी काही सापडणार नाही. विश्वस्त, ट्रस्टची विवरणपत्रं भरणारा सीए आणि ट्रस्टचं खातं असलेली बँक एवढेच लोक उरतात. बँक खातं उघडताना डीडची प्रत घेतेच. कपाटात पॅनकार्डं सापडली तर चौथं अक्षर पाहा. तिथे ‘टी’ असेल तर ते पॅन ट्रस्टचं. व्यक्तीच्या पॅनमध्ये त्या जागी ‘पी’ असतो.

नोंदलेल्या दस्तासाठी तीन गोष्टी एकत्र हव्यात: कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष. क्रमांक दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होतात, आणि पुण्याच्या हवेली तालुक्यासारख्या ठिकाणी एकाच नावाची अनेक कार्यालयं आहेत. नुसता ‘4523 नंबर’ घेऊन गेलात तर कोणाच्या तरी भलत्याच खरेदीखताची नक्कल हातात पडेल. जुन्या फाइलीत एखाद्या पानाची झेरॉक्स जरी मिळाली तरी तिच्यावरचा चौकोनी शिक्का नीट वाचा. ‘हवल-11’, खाली ‘4523’, मग ‘3/18’ आणि ‘2009’ असं दिसलं तर तो हवेली क्रमांक 11 मधला 2009 सालचा दस्त, एकूण 18 पानांचा, आणि तुमच्या हातात तिसरं पान आहे. ठाण्यासाठी ‘टनन’, बोरिवलीसाठी ‘बरल’ अशी अक्षरं असतात. काहीच मिळालं नाही तर मिळकतीकडून मागे जा. सातबाऱ्यावरचा फेरफार, मालमत्ता पत्रक किंवा सोसायटीची फाइल यांत दस्ताचा उल्लेख सापडतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटीएस (शहरातला नगर भूमापन) क्रमांक टाकून सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, पाहता येते. फार जुन्या दस्तांसाठी मात्र कार्यालयातच शोध फी भरून सूची चाळावी लागते.

आता हक्काचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 1908 च्या नोंदणी अधिनियमातलं कलम 57 वाचून जा. स्थावराचे दस्त नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये असतात आणि त्यांची नक्कल फी भरणाऱ्या कोणालाही मिळते. तुम्ही लाभार्थी नसलात, भावाशी बोलणं बंद असलं, तरीही. मृत्युपत्रं पुस्तक 3 मध्ये असतात. करणारा हयात असेपर्यंत ती नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, मुलालाही नाही; निधनानंतर कोणीही अर्ज करू शकतो. म्हणून अर्जासोबत मृत्यू दाखला लागतोच. पुस्तक 4 मध्ये स्थावराशी संबंध नसलेले दस्त असतात, त्यांची नक्कल दस्त करणाऱ्यांना आणि त्याखाली हक्क सांगणाऱ्यांना मिळते. मृत्युपत्र लाखबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवलेलं असेल तर निधनानंतर अर्ज केल्यावर ते अर्जदारासमोर उघडतात आणि त्याच्या खर्चाने पुस्तक 3 मध्ये उतरवून घेतात.

पिशवीत मृत्यू दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती, तुमचं आधार आणि पॅन, नातं दाखवणारा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींसाठी विवाह प्रमाणपत्र ठेवा. दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि दस्तात ‘दत्तात्रेय’ असा फरक असेल तर दोन्ही नावं अर्जात लिहा. शोध फी आणि नक्कल फी वेगवेगळी असते. नकला दोन मागा, एक कामाला फिरवायला आणि एक घरी न हलवता ठेवायला.

नक्कल हातात आली की खिडकीपाशीच पानं मोजा. शिक्क्यावर 18 लिहिलं असेल तर 18 भरली पाहिजेत. बहुतेक वेळा गळतं ते शेवटचं परिशिष्ट, आणि ट्रस्टमध्ये नेमकी कोणती मिळकत गेली हे तिथेच लिहिलेलं असतं. ‘खरी नक्कल’ हा शेरा, सही, तारीख आणि गोल शिक्का पाहा. स्कॅन फिकट असेल तर तिथेच दुसरी प्रिंट मागा. त्याच फेरीत पुढच्या वर्षांचाही शोध घ्या: पूरक दस्त, दुरुस्तीपत्र, नव्या विश्वस्ताची नेमणूक, रद्द करण्याचा दस्त. रद्द करण्याचा अधिकार काही वेळा डीडमध्येच राखून ठेवलेला असतो, आणि तो नंतर वापरलेला असेल तर पहिल्या डीडवर विसंबून उपयोग नाही.

दस्त नोंदलेला नसेल आणि विश्वस्त काका ‘बघू, देऊ’ म्हणत असतील तर लेखी मागा. योगायोगाने न्यास अधिनियमातही कलम 57 च उपयोगी पडतं. लाभार्थ्याला डीड, फक्त ट्रस्टच्या मिळकतीचे हक्काचे कागद, हिशेब आणि त्यांची व्हाउचरं पाहण्याचा आणि नकला घेण्याचा हक्क त्यात आहे. कलम 19 प्रमाणे मिळकतीची माहितीही मागता येते. पत्र पोचपावतीने पाठवा आणि प्रत जपा. पुढे वकिलाची नोटीस आणि दिवाणी कोर्ट ही पायरी आली तर हीच पोचपावती पहिली विचारतात. तुम्ही वारस आहात पण लाभार्थी नाही, तर हे कलम तुम्हाला चालणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी इथल्या माणसाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करताना त्यात ‘शोध घेणे, अर्ज करणे, फी भरणे, नक्कल ताब्यात घेणे’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचं प्रमाणीकरण) करून ते महाराष्ट्रात पोचलं की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. पाकीट ज्या दिवशी मिळालं ती तारीख पाकिटासकट सांभाळून ठेवायला इथल्या माणसाला सांगा.