कोपनहेगनमध्ये शनिवार-रविवार: दोन दिवस नीट कसे बसवायचे

कोपनहेगन लहान आहे. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून न्यूहाउनच्या रंगीत घरांपर्यंत रमतगमत गेलात तरी अर्धा तास पुरतो. इथे दोन दिवस वाया जातात ते चालण्यात नाही, चुकलेल्या वेळांमुळे. बहुतेक संग्रहालयं दहाला उघडून पाचला मिटतात आणि सोमवारी त्यातली बरीच बंद असतात. टिव्होली ही पाळण्यांची बाग वर्षाचे काही महिने पूर्ण बंद असते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो. म्हणून आधी घड्याळ बघायचं, मग नकाशा उघडायचा.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर डेन्मार्कसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान 15 दिवस आधी तो गेलाच पाहिजे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. जर्मनी, नेदरलँड्स किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्यांना तिथल्या निवास परवान्यावर जाता येतं, पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ ठेवा. जर्मनीकडून रेल्वेने येताना सीमेवर तपासणी होऊ शकते. ब्रिटनमधल्यांनी मात्र विसरू नये: ब्रिटनचा परवाना इथे चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो.

चलन डॅनिश क्रोन आहे, युरो नाही. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्रावर "रुपयांत की क्रोनमध्ये" असा प्रश्न आला तर दर वेळी क्रोन निवडा. रुपये निवडलेत की दुकानदाराच्या बाजूची बँक आपल्या दराने रूपांतर करते आणि तो दर महाग पडतो. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार घरूनच चालू करून ठेवा आणि ओटीपी येईल अशी सोय करा. रोझेनबोर्ग किल्ल्याचं तिकीट फोनवर काढताना ओटीपी आला नाही तर हवी ती वेळ निघून जाते. जुन्या बाजारातले काही विक्रेते फक्त मोबाइलपे या फोनवरच्या ॲपने पैसे घेतात, आणि ते डॅनिश बँक खात्याशिवाय चालत नाही. तेवढ्यासाठी 200 क्रोन रोख जवळ असू द्या.

कपड्यांत जाड कोटापेक्षा वारा अडवणारं जाकीट महत्त्वाचं. बंदराचं शहर आहे, वारा कायम असतो. छत्री उलटी होते; टोपीचा रेनकोटच कामाला येतो.

विमानतळावरून शहरात

टर्मिनल 3 मधून मेट्रो आणि रेल्वे दोन्ही सुटतात, दोन्ही साधारण पंधरा मिनिटांत शहरात पोचवतात. हॉटेल कोंगेन्स न्यूटोर्व किंवा नॉरपोर्टजवळ असेल तर मेट्रो धरा, मध्यवर्ती स्थानक किंवा व्हेस्टरब्रोत असेल तर रेल्वे. मेट्रोत चुकण्यासारखं काही नाही: विमानतळ हे शेवटचं स्थानक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडी शहराकडेच जाते, आणि मेट्रो चोवीस तास चालते. रेल्वेत मात्र फलाट नीट बघा. उलट दिशेची गाडी समुद्रावरच्या पुलावरून थेट स्वीडनमध्ये, माल्मोला जाते.

तिकीट झोनप्रमाणे असतं. विमानतळ ते शहर म्हणजे तीन झोन. फाटक कुठेच नाही, म्हणून नवखा माणूस तसाच गाडीत शिरतो. तपासनीस मात्र येतात आणि दंड तिकिटाच्या कितीतरी पट असतो. गाडीत तिकीट मिळत नाही, चढण्याआधीच काढा.

पास घ्यावा की नाही

दोन गोष्टींची गल्लत होते. सिटी पास स्मॉल हा फक्त प्रवासाचा पास आहे, झोन 1 ते 4 चा, विमानतळासकट. कोपनहेगन कार्डमध्ये प्रवासाबरोबर प्रेक्षणीय स्थळांचा प्रवेशही येतो, आणि एका मोठ्या माणसाबरोबर 12 वर्षांखालची दोन मुलं फुकट.

दोन्ही तासांवर चालतात, तारखेवर नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला विमानतळावर 48 तासांचं कार्ड सुरू केलंत तर पहिली रात्र आणि शनिवारची रात्र झोपेत जाते, आणि रविवारी पाचला संग्रहालयं मिटली की पुढचा तास काही कामाचा उरत नाही. त्यापेक्षा शुक्रवारी साधं तिकीट काढा आणि 24 तासांचं कार्ड शनिवारी दुपारी बाराला सुरू करा: शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ, दोन्ही त्यात बसतात. कार्ड घेण्याआधी कागदावर बेरीज मांडा. त्या चोवीस तासांत तिकिटाची तीन ठिकाणं होत नसतील तर कार्ड घेऊ नका. चालणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा सुटी तिकिटंच स्वस्त पडतात, कारण या शहरातलं पुष्कळ काही फुकट आहे.

शुक्रवारची संध्याकाळ

टिव्होली उघडी असेल तर ती याच संध्याकाळी उरका. 1843 सालची ही बाग दिवे लागल्यावरच खुलते आणि दिवसाचे तास संग्रहालयांना मोकळे राहतात. प्रवेशाचं तिकीट वेगळं, पाळण्यांचं वेगळं. नुसतं फिरायचं असेल तर प्रवेश पुरे. एक पाळणा घ्यायचाच असेल तर 1914 चा लाकडी रुट्शेबानेन घ्या. त्यात ब्रेक लावणारा माणूस गाडीबरोबर बसलेला असतो. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी मैफली असतात आणि संध्याकाळी सातनंतर प्रवेश महागतो, गर्दीही उसळते. त्या दिवशी सातच्या आत आत शिरा.

शनिवार: बंदराची अलीकडची बाजू

सकाळी दहाची रोझेनबोर्ग किल्ल्याची वेळ आधीच आरक्षित करा. राजमुकुट तळघरातल्या खजिन्यात आहेत. थेट तिकडे आधी जा, मजले नंतर. एक तास पुरतो. साडेअकराला शेजारच्या बराकीतून अस्वलाच्या कातडीच्या टोप्या घातलेले राजरक्षक निघतात. ते शहरातून चालत जातात आणि बाराला आमालिएनबोर्ग राजवाड्याच्या चौकात पहारा बदलतात. चौकात गर्दीमागे उभं राहण्यापेक्षा गोथर्सगाडे रस्त्यापासून त्यांच्याबरोबर चालत जाणं जास्त चांगलं. राजे मुक्कामाला असले तर वाद्यवृंदही असतो.

तिथून पाण्याच्या कडेने उत्तरेला कास्टेलेटची तटबंदी ओलांडून जलपरीच्या पुतळ्यापर्यंत जा. पुतळा 1913 चा, उंची जेमतेम सव्वा मीटर. त्यासाठी मुद्दाम वेगळी फेरी मारू नका. वाटेत आहे म्हणून बघा. दुपारी पर्यटकांच्या बस येतात, तेव्हा दगडावर पाय ठेवायलाही जागा नसते.

मग नोर्द्रे टोल्डबोडच्या धक्क्यावरून बंदर-बस पकडा. ही पिवळी विजेवरची बोट म्हणजे शहराची साधी बससेवाच आहे, मेट्रोचंच तिकीट किंवा पास चालतो. तासाभराची कालव्यांची सफर आत अरुंद पुलांखालून जाते, ती गंमत या बोटीत नाही. पण बंदर, ऑपेरा आणि काळ्या ग्रॅनाइटचं ग्रंथालय दिसायला ती पुरेशी आहे. उन्हाळ्यात बोट भरली की पुढची येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून घाईच्या वेळी तिच्यावर विसंबू नका. रेफशालेओएनला उतरलात तर रेफेन या खाण्याच्या बाजारात जेवण होतं. तो बाजार हिवाळ्यात बंद असतो. तेव्हा नॉरपोर्टजवळच्या टोर्वेहॅलर्ने या खाद्यबाजारात जा.

जेवणाबद्दल एक महत्त्वाचं. राय पावावरची स्मोरब्रोडची दुकानं मुख्यतः दुपारचीच, स्वयंपाकघर दुपार कलली की मिटतं. शाकाहारी असाल तर बटाट्याचं किंवा अंड्याचं घ्या, पण वर बेकन आहे का ते विचारा, कारण बटाट्यावर ते बरेचदा पेरलेलं असतं. पिण्याचं पाणी नळाचंच घ्या, उत्तम असतं.

रविवार: क्रिस्तियान्सहाउन आणि सायकल

व्होर फ्रेल्सर्स चर्चच्या मनोऱ्याची पहिली वेळ आरक्षित करा. 400 पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या 150 मनोऱ्याच्या बाहेरून गोल वर जातात. आतले लाकडी जिने अरुंद, चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेने. पाठीवर मोठी पिशवी नको. जोरदार वारा-पाऊस असला की मनोरा बंद ठेवतात आणि हिवाळ्यात काही आठवडे बंदच असतो. मग पर्याय म्हणून पूल ओलांडून क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याचा मनोरा गाठा: 106 मीटर, लिफ्ट आणि प्रवेश फुकट. शेजारचं बोर्सेन, म्हणजे जुन्या शेअर बाजाराची इमारत, 2024 च्या एप्रिलमध्ये जळाली. तिची पुनर्बांधणी वरून दिसते.

सायकल रविवारी सकाळी घ्या, रस्ते मोकळे असतात. इथल्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक पेडलमध्ये असतो. पेडल उलटं दाबलं की चाक अडतं. आपल्याकडे सिग्नलला उभं राहताना पेडल उलटं फिरवून वर आणायची सवय असते. तसं इथे चालत्या सायकलवर केलंत तर गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा अंगावर येतो. निघण्याआधी मोकळ्या जागी चार-पाच वेळा थांबून बघा. थांबण्याआधीच पेडल सोयीच्या जागी आणून ठेवायचं.

वाहतूक उजवीकडून चालते. सायकलपट्ट्यात उजव्या कडेने जा, डावीकडून पुढे काढा. थांबायचं असेल तर हात वर करा, वळायचं असेल तर त्या बाजूला पसरा. डावीकडे एकदम वळणं बेकायदा आहे: आधी चौक सरळ ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवा आणि हिरवा दिवा लागल्यावर जा. नकाशा बघायला पट्ट्यातच थांबू नका, पदपथावर चढा. पायी असतानाही हाच पट्टा घात करतो. काही थांब्यांवर बसचं दार थेट त्याच्यावर उघडतं, आणि पदपथावरून उतरताना डावीकडून वाहनं येतील हे डोक्यात बसलेलं नसतं.

वाट म्हणाल तर क्रिस्तियान्सहाउनहून ईस्लंड्स ब्रिग्गेच्या धक्क्याने ब्रिग्गेब्रोएन पूल, तिथून 2014 चा नारिंगी सायकलपूल सिकेलस्लांगेन चढून व्हेस्टरब्रो. तासाभरात स्थानकाशी.

दुपारी एकच संग्रहालय. डेव्हिड संग्रह निवडलात तर प्रवेश फुकट आणि तिथल्या इस्लामी कलेच्या दालनांत मोगलांबरोबर दख्खनी सुलतानांच्या काळातलं कामही आहे. विजापूर, अहमदनगर पाहिलेल्या माणसाने ते जरूर बघावं. लहान मुलं असतील तर राष्ट्रीय संग्रहालय बरं.

सामान सकाळी हॉटेलमध्येच ठेवून या. रिकाम्या बाटल्या टाकू नका: लेबलवर pant (डॅनिशमध्ये बाटलीची अनामत) अशी खूण असेल तर सुपरमार्केटच्या यंत्रात प्रत्येकी 1 ते 3 क्रोन परत मिळतात, पण मिळते ती पावती, आणि ती त्याच दुकानात वठवावी लागते. विमानतळावर जाताना ते काम शेवटच्या मिनिटावर ठेवू नका.