ड्रॉइंग टॅबलेट घेताना काय बघायचं आणि हात कसा बसवायचा

पहिलाच टॅबलेट असेल तर बिनस्क्रीनवाला (कॉम्प्युटरला जोडायची पाटी, चित्र मॉनिटरवर दिसतं) घ्या, खरंच पुरतो. स्क्रीनवाला महाग पडतो, शिवाय त्यावर वाकून बसल्याने मान दुखते. बॉक्सवर ८१९२ प्रेशर लेव्हल (पेन किती दाबलं ते ओळखायच्या पायऱ्या) वगैरे मोठ्ठं लिहिलेलं असतं पण त्याला भुलू नका, २०४८ आणि ८१९२ मधला फरक हाताला जवळपास कळतच नाही, त्यापेक्षा पेनाला बॅटरी किंवा चार्जिंग लागत नाही ना आणि निब (पेनाची टोकं) वेगळ्या मिळतात ना हे आधी बघा, कारण निब झिजतातच. साइज मीडियम बरी. छोट्यावर सगळं मनगटातून काढावं लागतं, लांब रेष ओढायला कोपर हलायला जागा हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेचजण करतच नाहीत: ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की सेटिंगमध्ये जाऊन टॅबलेटचा एरिया स्क्रीनच्या प्रमाणात करून घ्या, म्हणजे स्क्रीन १६:९ असेल तर तेच. नाहीतर गोल काढला की अंडं येतं आणि आपल्याला वाटतं आपलाच हात वाईट! दोन मॉनिटर असतील तर टॅबलेटचा एरिया एकालाच जोडा. प्रेशर लागतच नसेल तर विंडोज इंक (विंडोजची पेनासाठीची सोय) चालू-बंद करून बघा.

हात इथे आणि नजर तिथे, हे सुरुवातीला फार विचित्र वाटतं. टॅबलेट स्क्रीनसमोर सरळ ठेवा, तिरका नको, आणि थोडे दिवस माउस बाजूला ठेवून फाइल उघडणं, ब्राउझिंग सगळं पेननेच करा. चित्राचं टेन्शन नसलं की हात लवकर बसतो. क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात स्टॅबिलायझर (रेषेची थरथर कमी करणारी सोय) थोडासाच लावून रेषा, गोल, आठचे आकडे गिरवत बसा.