पैनगंगेकाठी हिमनदीच्या खुणा बघायला जाताय? या चुका टाळा

चंद्रपूर म्हटलं की ऊन आठवतं, बर्फ कुणाला आठवत नाही. पण शहराच्या पश्चिम-नैऋत्येला, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1875 साली त्यांची नोंद छापली.

पहिली चूक पत्त्यातच होते. इरई नावाची नदीही आहे. ती चंद्रपूरला लागून वाहते आणि वर्धेला मिळते. "इरईला भेटू" एवढ्याच निरोपावर आमची एक गाडी भलत्याच पुलावर अर्धा तास उभी होती. "पैनगंगेकाठचं इरई" असंच सांगा. पावसाळ्यात जाऊ नका, खडक पाण्याखाली असतो. मे महिन्याबद्दल काय बोलायचं!

सगळ्यात मोठा घोळ मात्र ओरखड्यांचाच. दिसली रेघ की म्हणायचं, बर्फाने ओढली. चुनखडकावर पाण्यानेही खाचा पडतात, पण त्या वेड्यावाकड्या, उताराबरोबर वळणाऱ्या असतात. हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड घासत जातात तेव्हा खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर सरळ, एकमेकींना समांतर रेघा उठतात. खात्री हवी तर लगतचा ताल्चिरचा थर, म्हणजे त्याच हिमकाळात साचलेल्या गाळाचा खडक, बघा: बारीक हिरवट गाळात मुठीएवढ्यापासून हातभर लांबीपर्यंतचे, नाना जातींचे दगड खिचडीसारखे मिसळलेले. नदी दगड आकाराप्रमाणे निवडते, बर्फ सगळं एकदम टाकून देतो. त्यातला एखादा दगड एका बाजूने चपटा घासलेला मिळाला, तर मग बोला. (नदीपात्रातले सुटे गोटे मोजू नका. ते कालच्या पुराचेही असतील.)

आणि रेघा दिसतच नसतील तर? बहुधा तुम्ही दुपारी बारा वाजता पोहोचला आहात. डोक्यावरच्या उन्हात सावली पडत नाही, मग खडक सपाटच दिसणार. धूळ पाण्याने धुवा, खडक वाळू द्या, छत्रीने सावली करा आणि टॉर्च खडकाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. रेघा उठून येतात. आमच्या मार्गदर्शकांनी हे केलं तेव्हा मी नेमका त्याच फरशीवर बसून डबा खात होतो.

फोटोत नाणं आणि होकायंत्र ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर दिशाही कळत नाही आणि मापही. हातोडा बॅगेतच राहू द्या.