रिलोडिंगची पहिली खरेदी: प्रेस नंतर, काटा आधी

रिलोडिंगकडे, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत (काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यांत) नवी पावडर आणि गोळी घालून घरी काडतूस भरण्याकडे वळलेल्या नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रेस कोणती घेऊ? मग उंटावरचे शहाणे जमतात. एक म्हणतो लाल घे, दुसरा म्हणतो निळी घे, तिसरा म्हणतो हिरवीशिवाय दुसरीकडे बघूच नकोस. रंगांवरून कंपन्या ओळखण्याइतकी ही मंडळी मुरलेली असतात, पण वजनकाट्याचं नाव कुणी काढत नाही. प्रेस हे फक्त दाब देणारं यंत्र आहे. ती साधी असली तर काम हळू होतं, इतकंच. काटा खोटा निघाला तर बंदूक फुटते, आणि तेव्हा तुमचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

परवान्याचं आधी बघा. अनेक देशांत पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी तळातली छोटी टोपी) बाळगायला किंवा घरी काडतूस भरायलाच वेगळी परवानगी लागते, काही ठिकाणी खासगी माणसाला ते करताच येत नाही. तो कागद हातात नसेल तर पुढची यादी तुमच्यासाठी नाही.

पैसे काढण्याआधी

एकच काडतूस निवडा. घरात तीन बंदुका असल्या तरी एकच. मग पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपन्यांची दोन वेगवेगळी, ताजी मॅन्युअल घ्या आणि त्या काडतुसाचं पान दोन्हींत वाचा. कोणती पावडर, किती वजनाची गोळी, कोणता प्रायमर, हे सगळं तिथे ठरतं आणि कोणतं सामान लागेल तेही तिथेच कळतं. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला भार (पावडरचं वजन) म्हणजे मॅन्युअल नव्हे. सुरुवात नेहमी मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या भारापासून करायची, कमाल भारापासून नाही.

पुंगळ्या पितळी हव्यात आणि बॉक्सर प्रायमरच्या हव्यात. रिकाम्या पुंगळीत टॉर्च मारून बघा. तळाशी मधोमध एकच छिद्र दिसलं तर बॉक्सर. मध्यापासून बाजूला दोन बारीक छिद्रं दिसली तर बर्डन. ती बाजूला टाका, नाहीतर डायमधली (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यातली) पिन मोडेल. (बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. आज अमेरिकेत सर्रास बॉक्सर चालतो आणि बर्डनच्या पुंगळ्या जास्त करून युरोपातल्या जुन्या लष्करी काडतुसांत सापडतात.) पोलादी आणि अॅल्युमिनियमच्या पुंगळ्यांच्या नादी लागू नका.

प्रेस

सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणारी), ओतीव लोखंडाची, बंद चौकटीची. संपलं. डाय बसवायचे आटे जवळजवळ सगळीकडे सारखेच असतात: सात अष्टमांश इंच व्यास, इंचाला १४ आटे. त्यामुळे एका कंपनीची प्रेस आणि दुसऱ्या कंपनीची डाय सुखाने नांदतात. पुढून उघड्या चौकटीची हलकी प्रेस पिस्तुलाच्या काडतुसाला पुरते, पण रायफलच्या मोठ्या पुंगळ्यांना आकार देताना ती वाकल्याचं हाताला जाणवतं.

‘थेट प्रोग्रेसिव्ह घे, नंतर दोनदा खर्च नको’ हा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो. प्रोग्रेसिव्हमध्ये दांडा एकदा ओढला की तीन-चार पुंगळ्यांवर तीन-चार वेगळी कामं एकाच वेळी होतात. सरावलेल्या हाताला त्यातली एक अडखळली तर लगेच समजतं. नवख्याला समजत नाही. तो प्रेस थांबवतो, अडकलेलं काढतो, पुन्हा सुरू करतो, आणि मधल्या एका पुंगळीत पावडर दोनदा पडते किंवा पडतच नाही. दोनदा पडली तर काय होईल ते सांगायला नको. पडलीच नाही तर प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते; मागून दुसरी झाडली की नळी गेली. आठवड्याला शेकडो काडतुसं लागणाऱ्या स्पर्धकांसाठी ते यंत्र आहे. तुमच्यासाठी सध्या नाकापेक्षा मोती जड. पुढेमागे घेतलीत तरी जुनी सिंगल स्टेज वाया जात नाही, किरकोळ कामांना ती आयुष्यभर लागते.

प्रेस ज्या टेबलावर बसवाल ते हलता कामा नये. बोल्ट आरपार टाका, लाकडी स्क्रू नकोत.

डाय

सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या काडतुसाला कार्बाइडची कडी असलेला तीन डायचा संच घ्या, वंगण लागत नाही. मानेकडे निमुळत्या होणाऱ्या रायफलच्या पुंगळीला मात्र वंगण लागतंच. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये रुतते, जास्त लावलं तर खांद्याला पोचे पडतात. रुतलेली पुंगळी काढायचा संच डायच्या सोबतच मागवा, कारण ती रुतते ती दुकानं बंद झाल्यावर. डायसोबत शेल होल्डर (प्रेसमध्ये पुंगळीचा तळ पकडणारा तुकडा) येतो की नाही ते विचारून घ्या, काही कंपन्या देतात, काही देत नाहीत.

काटा

घोडं अडतं ते इथे. मला स्वतःला या कामात सगळ्यांत जास्त वेळ काट्यावर विश्वास कधी ठेवावा हे समजायला लागला.

पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन होतात, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम. आता हिशेब करा. पिस्तुलाच्या काडतुसात चार-पाच ग्रेन पावडर ही नेहमीची गोष्ट, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅमच्या पुढे. स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा इथे घेतला तर त्याचा एक आकडा दीड ग्रेनचा. भाराचा तिसरा हिस्सा त्या एका आकड्यात गडप होतो. सोनाराकडे दिसतो तसला ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा ‘पुरतो की’ म्हणून सांगणारे भेटतील. त्याची पायरी ०.१५ ग्रेनची, आणि पडद्यावर दिसणारा शेवटचा आकडा खरा असतोच असं नाही. रिलोडिंगसाठीच बनवलेला, ०.१ ग्रेनपर्यंत खात्रीचा काटा घ्या. यावर तडजोड नाही.

दांडीचा की इलेक्ट्रॉनिक? पहिला काटा दांडीचा घ्या, चुंबकाने दांडी शांत करणारा. तो हळू आहे, पण तो ज्या कारणांनी चुकतो ती बहुतेक डोळ्यांना दिसतात. सुरीच्या धारेसारख्या टेकूत धूळ बसली, टेबल सपाट नाही, काट्याकडे वरून बघितलं, ही ती मुख्य कारणं. टेकू ब्रशने झाडा, पायाच्या स्क्रूने शून्य जुळवा आणि खुणेच्या पातळीवर डोळा आणून वाचा. एक धोका मात्र मोठा आहे: दांडीवरचं मोठं वजन एक खाच सरकलं तर भार काही ग्रेननी बदलतो आणि दांडी तरीही आरामात समतोल दाखवते. म्हणून काटा लावल्यावर दोन्ही वजनांचे आकडे मोठ्याने वाचा आणि कागदावर लिहा. चहा पिऊन परत आलात की पुन्हा वाचा. घरात मूल असेल तर दोनदा वाचा.

इलेक्ट्रॉनिक काटा चुकतो ती कारणं दिसत नाहीत, म्हणून तो नवख्याला फसवतो. पंख्याचा झोत, एसी, शेजारी ठेवलेला मोबाइल, थंड खोलीतून गरम खोलीत आणलेला काटा, कोरड्या हवेतली स्थिर वीज, यांतल्या कशानेही आकडा सरकतो. सुरू करून अर्धा तास तसाच राहू द्या, मग शून्य करा. प्लास्टिकची वाटी आणि प्लास्टिकचं नरसाळं यांना पावडर चिकटते. वाटी धातूची ठेवा.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांत शून्य आपोआप धरून ठेवायची सोय असते. बारीक सरकणारा आकडा म्हणजे यंत्राची थरथर असं समजून काटा तो दाबून टाकतो. ट्रिकलरने (पावडरचे कण थोडे थोडे सोडणाऱ्या छोट्या साधनाने) एकेक कण हळूहळू टाकताना नेमकं हेच होतं: तुम्ही कण टाकत राहता, आकडा जागचा हलत नाही, आणि एकदम उडी मारून पुढे जातो. तोवर भार जास्त झालेला असतो. उपाय सोपा आहे. भार जवळ आला की वाटी उचला, पुन्हा ठेवा, मग वाचा. ज्या काट्यावर हे करून दर वेळी सारखा आकडा येत नाही तो परत करा. म्हणूनच पॅकिंग फेकू नका.

आणि काट्याची बटणं बघा. ग्रेन, ग्रॅम, कॅरेट हे सगळं एकाच बटणावर फिरतं. पडद्यावर आकड्याशेजारी जे चिन्ह असतं ते आधी वाचायचं, आकडा नंतर.

तपासणीची वजनं वेगळी विकत घ्या. काट्याच्या डब्यात येणारं वजन बहुधा २० किंवा ५० ग्रॅमचं असतं. त्याने काटा तिथे बरोबर ठरतो, पाच ग्रेनला बरोबर ठरतोच असं नाही. तुमच्या भाराच्या आसपासचं वजन हवं: ५, १०, २०, ५० ग्रेनचा संच असतो, तो पुरे. चिमट्याने उचला, बोटांचा घाम लागू देऊ नका. दर वेळी बसल्यावर पहिलं काम हे, मध्येच एकदा हे, उठताना शेवटचं काम हे. उठताना आकडा चुकला तर मधल्या तपासणीनंतर भरलेलं सगळं बाजूला काढायचं. वाईट वाटतं, तरीही काढायचं.

आपोआप पावडर मोजून टाकणारी यंत्रं चांगली असतात, ती नंतर घ्या आणि घेतलीत तरी दांडीचा काटा विकू नका. दोन काटे एकमेकांशी भांडले तर कोण खोटं बोलतंय ते वजनांचा संच सांगतो.

पावडर मेझर

ढोल फिरवून आकारमानाने पावडर टाकणारं साधं मेझर घ्या. पावडर गोल दाण्यांची असेल तर ते एकसारखी टाकतं. लांब काड्यांची असेल तर ढोलाच्या कडेवर काडी चिरडल्याची खटकन जाणीव होते आणि भार कमीजास्त होतो. अशा पावडरीला मेझरने थोडी कमी टाका आणि उरलेली काट्यावर ट्रिकलरने पूर्ण करा. पिस्तुलासाठी लहान पोकळीचा ढोल मागा, मोठ्या पोकळीत चार ग्रेन नीट मापले जात नाहीत. दांडा दर वेळी एकाच वेगाने. सुरुवातीचे काही भार परत डब्यात, नंतर दर दहावा काट्यावर.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. काम संपलं की मेझर रिकामं करून पावडर तिच्या मूळ डब्यात. मेझरमध्ये रात्रभर राहिलेली पावडर कोणती होती याची सकाळी शंका आली तर ती टाकून द्यायची. दिसायला दोन पावडरी अगदी सारख्या असू शकतात, जळायला नसतात.

बाकीचं, भराभर

हाताने प्रायमर बसवायचं साधन प्रेसवरच्या सोयीपेक्षा बरं, कारण बोटांना कळतं. प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत बसला पाहिजे, वर आलेला चालत नाही. चष्मा या पायरीला सक्तीचा.

व्हर्नियर ०.०१ मिलिमीटरचा, पोलादी. रायफलची पुंगळी दर वेळी लांबते. .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी ५१.१८ मिमी, .२२३ रेमिंग्टनची ४४.७० मिमी. त्यापुढे गेली तर कापायला ट्रिमर आणि कडा साफ करायला चॅम्फरचं साधन लागतं. पिस्तुलाच्या पुंगळ्यांना ट्रिमर सहसा लागत नाही, पहिल्या खरेदीत घेऊ नका.

पन्नास भोकांचा लोडिंग ब्लॉक घ्या, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी. पावडर भरून झाली की गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन सगळ्या पुंगळ्यांतली पातळी बघायची. .३८ स्पेशलसारखी काडतुसं इथे विशेष दगा देतात. ती काळ्या दारूच्या काळातल्या मापाची आहेत, आत जागा भरपूर, त्यामुळे दुप्पट भारही वरपर्यंत येत नाही. निवड असेल तर अशी पावडर घ्या जिचा दुप्पट भार पुंगळीतून सांडेल.

गोळी परत काढायचा हातोडा पहिल्याच दिवशी घ्या. तो लागत नाही असं सांगणाऱ्याने एक तर काडतुसं भरलेली नाहीत किंवा चुकलेली तशीच झाडली आहेत. प्रायमर बसलेलं काडतूस त्यात घालताना प्रेसचा शेल होल्डर वापरू नका, हातोड्यासोबतची कडीच वापरा.

पुंगळ्या घासायचा टम्बलर थांबू शकतो. पुसलेली पुंगळी चालते, चकाकी नेमबाजीत मोजत नाहीत. घेतलात तर घराबाहेर चालवा आणि त्यातला घासायचा भुसा बाहेरच चाळा, कारण वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. काम झाल्यावर हात साबणाने, आणि टेबलाजवळ खाणं नाही.

जुनं सामान घ्यायला हरकत नाही. लोखंडी प्रेस पिढ्यानपिढ्या टिकते, दांडा खाली ओढून रॅम (पुंगळी वर नेणारा दंड) आडवा डुगडुगत नाही एवढं बघा. डायच्या आत गंज नाही ना ते टॉर्चने बघा. दांडीचा काटा असेल तर टेकूची धार बोथट झालेली नाही आणि वाटी त्याच काट्याची आहे हे तपासा. दुसऱ्याची वाटी लावलेले काटे विकायला येतात, आणि त्यांचं शून्य जुळतच नाही. सोबत फुकट मिळणारे उघडे पावडरचे डबे आणि सुट्टे प्रायमर मात्र तिथेच ठेवून या, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.